चौथं पाऊल

“एक, दोन, हात वर!” मी ओरडले आणि सवयीनं माझा स्वतःचा हात पदराखालून छातीशी गेला. तिथं काही नव्हतं. चोळीचं कापड आणि त्याखालची हाडं, एवढंच. गळ्यातला शिवदाऱ्याचा दोरा नाही, त्यात ओवलेली चांदीची डबी नाही, डबीतलं लिंग नाही. समोर चाळीस मुली हात वर करून उभ्या, मार्चातलं सोलापूरचं ऊन, मैदानात घोट्याएवढी धूळ, आणि मी, दाक्षायणी चनमल्लप्पा, दुसरीच्या वर्गाची बाई, तोंड उघडं टाकून उभी. “हात खाली” म्हणायचंच राहून गेलं. आम्हां लिंगायतांत पोर चार-सहा दिवसांचं झालं की स्वामी येऊन त्याच्या अंगावर लिंग बांधतात, ते माणूस मातीत जाईपर्यंत अंगावरच. हरवलं तर सापडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. मैंदर्गीला माझ्या दानम्मा आत्याचं विहिरीत पडलं होतं. दोन दिवस ती काठावर बसून होती, ओठांना भेगा पडल्या, पण थेंब घेतला नाही. चौघांनी विहीर उपसली, गाळातनं डबी निघाली, तेव्हा कुठं तिनं तांब्या तोंडाला लावला. ही गोष्ट आमच्या घरात कौतुकानं सांगतात. मला लहानपणी ती ऐकताना फक्त तहान लागायची.

मुलींचे हात वरच होते. दुसऱ्या रांगेत गुलचेर. स्टेशनासमोर चहाचं दुकान चालवणाऱ्या बेहराम इराण्याची ही मुलगी, नऊ वर्षांची, शाळेतली एकटी इराणी. सगळ्यांसारखी दिसावी म्हणून आईनं तिला परकर-पोलकं शिवलेलं. हात वर गेल्यानं पोलकं सरकलं होतं आणि परकराच्या नेफ्याच्या वर, कमरेला, पांढरी दोरी दिसत होती. नाडी नव्हे. बारीक, घट्ट वळलेली, गाठ मारलेली दोरी. झालं! माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं जुळलं, इतकं सरळ जुळलं की आज आठवलं तरी स्वतःची चीड येते. चारच दिवसांपूर्वी वही दाखवायला आली असताना हिनं माझ्या गळ्याशी बोट नेऊन विचारलं होतं, “बाई, ह्ये काय हाय?” मी तिचं बोट झटकलं होतं आणि “हे काय आहे, असं म्हणावं,” एवढं सुधारून दिलं होतं. उत्तर दिलं नव्हतं. आणि आजच सकाळी प्रार्थना संपल्यावर ती मागून येऊन माझ्या कमरेला मिठी मारून पळाली होती. मिठी! मला वाटलं, पोरीला लळा लागलाय. काय मेली मी भोळी, असं मनात म्हणत मी रांगेत शिरले.

माझ्या लहानपणी मैंदर्गीच्या बाजारात वर्षातून एकदा इराण्यांचा तांडा उतरायचा. घोडी, कुत्री, तंबू, सुऱ्या-कात्र्या विकणाऱ्या उंच बायका, त्यांचे घोळदार घागरे. “इराणी आले, पोरी आत घ्या, कानातलं काढून ठेवा,” अशी गल्लीभर ओरड व्हायची, आणि आई माझ्या गळ्यातला शिवदारा दोन वेढे देऊन आखूड करायची. दाराच्या फटीतनं मी बघायचे. एकदा एका बाईनं फटीतल्या माझ्या डोळ्याला डोळा लावला आणि हसली. तिचे हिरवे डोळे मला कितीतरी दिवस झोपू देत नव्हते. त्या बाईचा आणि स्टेशनासमोर दूध आटवत बसणाऱ्या बेहरामचा काडीचा संबंध नाही. हे अग्नी पुजणारे, ते नमाज पढणारे. ह्यांचं गाव वेगळं, त्यांचं वेगळं. हे मला ठाऊक नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. गुलचेरला शाळेत घालायला बेहराम आला तेव्हा त्यानंच हात जोडून सांगितलं होतं, “बाई, हम वो छुरीवाले इराणी नहीं.” पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तीन वर्षं शिकलेली मी. समजलं समजलं म्हणून मान हलवली होती. पण गुलचेरचे डोळे हिरवे होते.

“काय आहे हे?” मी तिच्या कमरेच्या दोरीत बोट अडकवलं. तिचे हात अजून वर. “बाई, ती माजी हाय,” ती म्हणाली. चोर म्हणणारच तसं. मी गाठ ओढली. पुढची सुटली, मागं आणखी एक, तीही सोडली. दोरी निघायला लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा. निघतेय, निघतेय, माझ्या मुठीत गोळा होतेय, आणि मी वाट बघतेय की शेवटी डबी येईल. शेवटी दोन बारीक गोंडे आले. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा वर्गच हसला. तिथंच मी थांबायला हवं होतं. शहाण्या माणसानं थांबावं अशी ती जागा होती. पण चाळीस मुली आपल्याला हसताहेत म्हटल्यावर कुठलं शहाणपण! “डबी कुठं टाकलीस? चल, मडमच्या पुढं चल,” म्हणून मी तिला दंडाला धरून ओढलं. एक पाऊल आली, दोन आली, तीन आली, आणि रोवल्यासारखी उभी राहिली. मी ओढते, तिचा दंड लांबतो, पण पाय हलत नाही. रडणं नाही, ओरडणं नाही. तेवढ्या हाडकुळ्या पोरीत एवढं बळ कुठलं आलं मला कळेना.

गलका ऐकून हान्सेनबाई व्हरांड्यात आल्या, डोक्यावर टोपी, हातात शिट्टी. आमच्या मुख्याध्यापिका. गाव त्यांना इंग्रजीण म्हणायचं आणि त्या गेली बारा वर्षं सांगायच्या की मी डेन्मार्कची आहे, माझ्या देशाचं तुमच्यावर राज्य नाही. कोण ऐकतंय? मार्शल लॉच्या वर्षी बाजारातल्या पोरांनी त्यांच्या टांग्यावर शेण फेकलं तेव्हा त्या रडत आल्या होत्या, “मला का? मला का?” त्या दिवशी मला त्यांची खरंच दया आली होती. मुन्शीकडून शिकलेलं त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं. “दाक्षायणीबाई, काय गडबड आहे?” मी सांगितलं. “हरवले ते म्हणजे आपले ताईत?” लिंग, मी म्हणाले, पण इतक्या हळू की मलाच ऐकू आलं नसेल. त्यांनी गुलचेरकडं पाहिलं आणि मान हलवली. “ही माणसे हट्टी असतात. मी कराचीस होते, तेथे पाहिली आहेत. मुली, स्वतःच्या पायांनी माझ्या खोलीत ये. दहाची घंटा होईपर्यंत आली नाहीस तर तुझे नाव काढण्यात येईल.” आणि माझ्याकडं वळून, “आपली खात्री आहे ना?” मी हो म्हणाले. घंटेला पाऊण तास होता. त्या आत गेल्या. बाकीच्या मुलींना मी व्हरांड्यात बसवलं, स्वतः खांबाच्या सावलीला उभी राहिले, आणि गुलचेर भर उन्हात, तिसऱ्या पावलावर.

घशाला कोरड पडली होती. पाण्याचा माठ चार हातांवर. हात पुढं झाला आणि मी मागं घेतला. नाही, सापडेपर्यंत पाणी नाही. मनात जरासं बरंसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू? दानम्मा आत्याची भाची शोभते, असं काहीतरी. मुठीत ती दोरी होती. घामानं ओली झाल्यावर तिला वास यायला लागला, लोकरीचा. मैंदर्गीला धनगराच्या घोंगडीला यायचा तसला. आणि शिवदारा असतो सुताचा. माझ्या बोटांना हे पहिल्या क्षणापासून कळलं असणार. तीस वर्षं सुताच्या दोऱ्यावर फिरलेली बोटं ती. मी मूठ उघडली, बघितलं, पुन्हा मिटली. हिची दोरी हिची आहे. ठीक आहे, दोरी हिची, मग डबी कुठं? आणि मग, कुणी विचारलं नसताना, घरातला कोनाडा डोळ्यांपुढं आला. फणी, कुंकवाचा करंडा, तडकलेला आरसा, आणि आरशाला टेकून डबी.

आज इन्स्पेक्टरीणबाई यायच्या होत्या म्हणून मी नवी पांढरी व्हॉईलची चोळी घातली होती. पातळ कापड. आत डबीचा उंचवटा दिसतो. सकाळी आंघोळ करून लिंग तळहातावर घेऊन पूजा केली, ते पुन्हा बांधलं, भाकरी खाल्ली, आणि चोळी बदलताना उतरवून कोनाड्यात ठेवलं. पिन लावेपर्यंतच, असं स्वतःला सांगितलं. हे काही पहिल्यांदा नव्हतं. गेल्या दिवाळीला हान्सेनबाईंकडं एक पाहुणी मडम आली होती. तिला त्या माझ्या छातीकडं बोट करून म्हणाल्या, बघ, आमच्या शिकलेल्या बायकासुद्धा देव डबीत घालून हिंडतात. आणि मी हसले. दात दाखवून हसले! त्याआधी ट्रेनिंग कॉलेजात एकीनं विचारलं होतं, त्यात तपकीर असते का गं? तेव्हाही हसलेच होते. “तुम्ही कानडी ना?” म्हणायच्या, तर मी हाय-न्हाय टाकलं, हेल टाकला, आईनं पाठवलेली शेंगाचटणी खोलीत लपवून खाल्ली. कुणी मागितलं नव्हतं, मीच एकेक करून देत गेले. दिवाळीनंतर पाहुणे यायचे असले की डबी कोनाड्यात. चार वेळा, पाच वेळा. प्रत्येक वेळी घरी गेल्यावर आईच्या नजरेआड पटकन बांधायची आणि विसरायचं. विसरायची इतकी सवय झाली की आज खरोखरच विसरले. अगं बाई, म्हणून मी खांबाला धरलं. खांब तापलेला होता.

“बाई,” गुलचेर म्हणाली. फार मोठ्यानं नाही. “बाई, दोरी द्या की. ती नसंल तर चार पावलं चालायची नस्त्यात. आई म्हनली, चौथं टाकलं की लई मोटं पाप. माजी तीन झाली.” तिचं तोंड उन्हानं लालबुंद झालं होतं, वरच्या ओठावर घाम. दोन महिन्यांपूर्वी तिच्या घरी काहीतरी समारंभ झाला होता, शाळेत सगळ्यांना पेढे वाटले होते तिनं. तेव्हाच ही दोरी तिच्या कमरेला आली असणार. मला विचारायचं सुचलं नव्हतं. पेढा मात्र खाल्ला होता. आता सगळं समोर उघडं पडलं होतं. चार पावलं पुढं जायचं, दोरी द्यायची, “चुकलं माझं,” म्हणायचं. मला तर चार काय, चाळीस पावलं टाकायची मोकळीक होती. मग मी का गेले नाही? सांगते. मुलीच्या अंगाला हात लावायचा नाही हा शाळेचा पहिला नियम, आणि मी भर मैदानात तिची कंबर सोडली होती. आईचं आणि माझं पोट ह्या नोकरीवर. पण तेही खरं कारण नव्हे. खरं कारण असं की “लिंग घरी राहिलं” म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, घरी कसं राहिलं? कोनाड्यात डबी काढून ठेवणारी बाई चाळीस मुलींना दिसली असती. त्यापेक्षा चोरी झालेली बरी. चोरी झालेल्या बाईला सगळे सावली देतात. मी तिच्याकडं बघत राहिले आणि दोरी दिली नाही.

वर्गाची मॉनिटर गौरम्मा, मागावाल्या तेलंगी घरातली, केव्हा उठून फाटकाबाहेर गेली मला दिसलं नाही. बेहरामचं दुकान शाळेच्या कोपऱ्यावरच, स्टेशनासमोर. घंटेला पाच मिनिटं असताना ती परत आली आणि तिच्यामागं डोक्याचा रुमाल सावरत, पिठाच्या हातांनी, गुलचेरची आई पळत आली. बाई आता माझ्या झिंज्या धरणार, ह्याची मला खात्री होती; आणि सांगायला लाज वाटते, पण मला तेच हवं होतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला राग आला असता आणि रागात सगळं निभावून जातं. तिनं पोरीकडं पाहिलं, पोरीच्या पायांकडं पाहिलं, मग माझ्या मुठीकडं. माझ्यापुढं येऊन तिनं ओंजळ धरली. मूठ उघडताना माझी बोटं आखडली होती. दोरी घेऊन तिनं डोळ्यांना लावली आणि पोरीच्या हातात दिली. गुलचेर जागची न हलता सूर्याकडं वळली, दोरी दोन्ही हातांत ताणून काहीतरी पुटपुटायला लागली, मान लववली, कमरेला एक वेढा, दुसरा, तिसरा, पुढं गाठ, मागं गाठ. व्हरांड्यात एकही मुलगी हसली नाही. मीही रोज सकाळी अशीच बसते, डाव्या तळहातावर नजर लावून. मला कुणी बघितलं असतं तर अशीच दिसले असते. मग गुलचेरनं चौथं पाऊल टाकलं, पाचवं टाकलं, आणि सरळ हान्सेनबाईंच्या खोलीत गेली. मागोमाग दहाची घंटा झाली.

माझा जीव भांड्यात पडला, पण दोनच मिनिटं. हान्सेनबाई दारात आल्या. “मुलगी आज्ञेप्रमाणे आली, हे ठीक झाले. परंतु वस्तू सापडेपर्यंत तिने घरी राहावे. सापडली नाही तर नाव निघेल. दाक्षायणीबाई, आपणास अजून तसेच वाटते?” आता मला सगळं माहीत होतं. कोनाडा, आरसा, सगळं. “मला तसं वाटतं,” मी म्हणाले. इतकं स्वच्छ पुणेरी म्हणाले मी ते.

गुलचेरच्या आईला ह्यातलं काही कळलं नव्हतं. तिनं मोडक्या हिंदुस्तानीत गौरम्माला विचारलं, “बाई का क्या गुम हुआ?” गौरम्मा म्हणाली, “लिंग. उनका देव. गलेमें बांधते. वो मिले तक बाई पानी बी नै पीते.” ते ऐकून त्या बाईनं कपाळावर हात मारून घेतला. माझ्याकडं अशी बघायला लागली जशी माणसं मयताच्या घरातल्या माणसाकडं बघतात. “ओ हो हो, बाई! सुबह से?” मी मान हलवली. तिनं रुमाल मागं बांधला, झग्याचा घोळ वर खोचला, आणि मैदानात जाऊन धुळीत बसली. जिथं ड्रिलची पहिली रांग होती तिथून तिनं सुरुवात केली. मूठ मूठ धूळ उचलायची, बोटांतनं गाळायची, बाजूला टाकायची. गुलचेर खोलीतनं बाहेर आली आणि काही न विचारता आईच्या शेजारी बसली. मग गौरम्मा गेली, मग आणखी चौघी, मग सगळा वर्ग. चाळीस पोरी आणि एक बाई, अकराच्या उन्हात, माझी डबी शोधताहेत. इन्स्पेक्टरीणबाई आल्याच नाहीत. कुर्डुवाडीला गाडी चुकली म्हणे.

मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. शाळा सुटायची वेळ झाली. मुली एकेक करून हात झटकत घरी गेल्या, गौरम्माही “संध्याकाळी पुन्ना येतो बाई,” म्हणून गेली. त्या दोघी राहिल्या. अर्धं मैदान त्यांनी चाळून टाकलं होतं आणि अर्धं राहिलं होतं, आणि त्या ते संपवणार होत्या, हे मला दिसत होतं. मी खाली उतरले. मलाही वाकून शोधायचं होतं की काय, कोण जाणे. गुडघे वाकवले एवढं खरं. गुलचेरनं वर पाहिलं. तिच्या पापण्यांवर धूळ. “बाई, तुमी सावलीला बसा. तुमी पानी पिला न्हाय. आमी बघताव की.” त्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मला ते सहन झालं नाही.

“गुलचेर, ऊठ. डबी घरी आहे.” ती तशीच उकिडवी. “सकाळी मीच काढून ठेवली. चोरीला गेली नाही. घरी, कोनाड्यात आहे.” तिच्या मुठीतली धूळ गळत राहिली, संपली. “कवा आटवलं, बाई?” मला वाटलं होतं ती रडेल. नऊ वर्षांची पोर, नेमकं तेवढंच तिनं विचारलं. “तू उन्हात उभी होतीस तेव्हा,” मी म्हणाले. “तू दोरी मागितलीस, त्याच्या आधी.” माझा हेल परत आला होता, दाबायचं बळ उरलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. हिरव्या डोळ्यांत भीती नव्हती, आणि आता लळाही नव्हता. सकाळपर्यंत तिला माझा लळा होता, हे तेव्हा कळलं.

तिच्या आईनं मान वर करून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, बाई काय म्हणते, असंच असणार. गुलचेरनं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. एका वाक्यात मी संपले असते. आईला सांगायचं, आईनं बेहरामला सांगायचं, बेहरामच्या दुकानात अर्धं गाव चहा पितं. मी डोळे मिटून घेतले. मग ती दोनच शब्द बोलली, आणि तिची आई किंचाळली. डोळे उघडले तर ती दोन्ही हात आभाळाकडं करून हसत होती. “शुक्र! शुक्र! मिल गया!” तिनं माझे गाल धुळीच्या हातांनी कुरवाळले, कपाळाला कपाळ लावलं. आवाज ऐकून हान्सेनबाई खिडकीत आल्या. “सापडली?” गुलचेरची आई ओरडली, “मिल गया, मडम!” हान्सेनबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. “उत्तम. मुलीला उद्यापासून पाठवा,” म्हणून त्यांनी खिडकी ओढून घेतली. गुलचेर परकर झटकत होती. तिनं खोटं का सांगितलं, शाळेसाठी, माझ्यासाठी, की आईचं सकाळपासूनचं शोधणं फुकट जाऊ नये म्हणून, हे मी तिला कधी विचारू शकले नाही. पुढची दोन वर्षं ती माझ्या शाळेत होती, पहिला नंबर सोडला नाही, आणि “आहे, नाही” असं शुद्ध बोलायला लागली. माझ्याशी बोलायची ते तेवढंच.

पण ते नंतरचं. त्या दिवशी तिच्या आईला एकाएकी आठवलं, बाई सकाळपासून उपाशी! ती माठाकडं पळाली, पाण्याचा तांब्या आणला, ओच्यातनं पाव काढला, सकाळच्या भट्टीतला, कडक कवचाचा. पोरीसाठी घाईत घेतला असणार. पाव मोडून तिनं अर्धा माझ्या हातावर ठेवला. “अब खाओ, बाई. अब तो मिल गया ना? खाओ, खाओ.” माझ्या छातीवर लिंग नव्हतं. तिथं काही नव्हतं, हे त्या मैदानात दोघींनाच माहीत होतं, मला आणि त्या पोरीला. नको म्हणायला तोंड उघडलं तर तिच्या आईनं लाडानं घासच पुढं केला. मी तो घेतला आणि चावायला लागले. गुलचेर दप्तर छातीशी धरून माझ्यासमोर उभी होती, आणि मी गिळेपर्यंत ती हलली नाही.